फायदा कोणाला, भार कोणावर? आरोग्य-अर्थशास्त्रातील समतेचा जाहीरनामा

आम्ही आरोग्यसेवेचा खर्च आणि उपचारांचे परिणाम मोजणारे संशोधक, विद्यार्थी, डॉक्टर आणि आशा कार्यकर्त्या आज जाहीर करतो: फायदा कोणाच्या पदरात पडला आणि भार कोणी उचलला हे न सांगणारा अभ्यास आम्ही पूर्ण मानणार नाही.

बीडच्या ऊसतोड महिलांकडे पाहा. २०१९ मध्ये सरकारी समितीच्या पाहणीत ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे सहा जणींमागे एक. देशात १५ ते ४९ वयोगटात हे प्रमाण सुमारे ३ टक्के आहे. यामागची कोंडी अशी: पाळीत सुट्टी घ्यावी तर खाड्याचा दंड, डोक्यावर मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल, उसाच्या फडात ना संडास ना पाणी. आपल्या खर्चाच्या तक्त्यात मात्र फक्त बुडालेली मजुरी. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’, म्हणजे दोघांची मजुरी एकत्र. तिची मजुरी वेगळी दिसत नाही, म्हणून तिचे श्रमही हिशेबात दिसत नाहीत. पाठपुराव्याला जावे तर ती फडावर गेलेली. आपण ‘संपर्क तुटला’ अशी नोंद करतो आणि घरी सापडलेल्यांच्या तब्येतीची सरासरी काढतो.

आरोग्य तंत्रज्ञान मूल्यमापनाची सरकारी यंत्रणा देशात २०१७ पासून आहे. निरोगी आयुष्याचे एक वर्ष किती रुपयांना पडते, हा तिचा प्रश्न रास्तच आहे. पण दुर्गम पाड्यावर पोचायला खर्च जास्त, म्हणून तिथले वर्ष महाग ठरते आणि महाग म्हणून मागे पडते.

म्हणून आमचा आग्रह:

१. निष्कर्ष उत्पन्न, जात-जमात, लिंग, अपंगत्व आणि वस्तीनुसार वेगवेगळे मांडा.

२. खर्चात खाडा, प्रवास, कर्जाचे व्याज आणि घरातली बिनपगारी शुश्रूषा धरा.

३. स्थलांतरितांचा पाठपुरावा फडावर, वीटभट्टीवर जाऊन करा. त्याची तरतूद मूळ अंदाजपत्रकातच ठेवा.

४. विषमता कमी करणाऱ्या उपचाराला निर्णयात जास्त वजन द्या आणि ते किती दिले, हे उघड लिहा.

५. काय मोजायचे हे ठरवणाऱ्या बैठकीत, ज्यांचे आयुष्य मोजले जाणार त्यांना बसवा.

सुरुवात आमच्यापासून. ही कलमे डावलणाऱ्या अभ्यासावर आम्ही आपले नाव घालणार नाही. तपासायला आलेल्या प्रत्येक शोधनिबंधाला हेच प्रश्न विचारू. ज्यांना हे पटते त्यांनी सही करावी आणि हातातल्या अभ्यासापासूनच अंमल सुरू करावा.