निनावी मुकादम

सुरत म्हटले की मराठी वाचकाला १६६४ आणि १६७० ही दोन साले आठवतात. त्या सुरतेत आज मराठी माणूस कशासाठी जातो आणि कसा राहतो, याची विचारपूस मात्र किनाऱ्यावरच्या आपल्या मुलखात सहसा कोणी करीत नाही. तो जातो भुसावळ-सुरत लोहमार्गाने, जळगाव, धुळे, नंदुरबार या जिल्ह्यांतून. आणि जातो तो काम मागावयास. उधन्याला लागून असलेली लिंबायत ही त्याची एक मोठी वस्ती. तेथल्या गल्लीबोळांत अहिराणी कानावर पडते, श्रावणात कानबाईची स्थापना होते, आणि सुरत महापालिका आपल्या शाळांतून इतर माध्यमांबरोबर मराठीतूनही शिकवते. लिंबायत विधानसभा मतदारसंघातून २०१२, २०१७ आणि २०२२ या तिन्ही निवडणुकांत संगीता पाटील निवडून आल्या. ही वस्ती ज्या नवसारी लोकसभा मतदारसंघात मोडते तेथून निवडून आलेले सी. आर. पाटील हेही मूळचे जळगाव जिल्ह्यातले. म्हणजे राजकारणात या लोकांना ओळख आहे. नोकरीच्या बाजारात ती नाही, आणि आजचा आमचा विषय तोच आहे.

लिंबायतच्या पहिल्या पिढीला काम कसे मिळाले, याचे उत्तर सरळ आहे: गाववाल्याने दिले. कोणी यंत्रमागावर लागला, कोणी पांडेसऱ्याच्या रंगाई-छपाईच्या कारखान्यात, कोणी रिंगरोडवरच्या कापड बाजारात गाठोडी वाहू लागला. पण प्रत्येकाच्या पाठीशी कोणी तरी मामा, मेहुणा किंवा मुकादम असे. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन १९६० च्या दशकापासून दक्षिण गुजरातेतील मजुरांचा अभ्यास करीत आले आहेत. काम देणारा, उचल देणारा आणि त्या उचलीत माणसाला बांधून ठेवणारा हा मध्यस्थ त्यांच्या लिखाणात ठायी ठायी भेटतो. आपल्या कोकणी चाकरमान्याला तर तो चांगलाच परिचयाचा आहे. परळ-लालबागच्या गिरण्यांत जॉबरच्या शब्दावाचून पुष्कळांना दार उघडत नसे, आणि त्या शब्दाचे मोल दस्तुरी म्हणून मोजावे लागे. १९२९ साली नेमलेल्या व्हिटली आयोगाने १९३१ च्या आपल्या अहवालात जॉबरांच्या या लाचखोरीवर स्पष्ट बोट ठेवले होते. त्या व्यवस्थेची आठवण काढून उसासे टाकावेत असे तिच्यात काहीही नव्हते. तरीही एक गोष्ट कबूल केली पाहिजे. जॉबर कोण, तो कोणत्या चाळीत राहतो, त्याचे गाव कोणते, हे साऱ्यांना ठाऊक असे. त्याने बुडवले, तर शिमग्याला तो गावी येणारच होता.

आता लिंबायतीत दुसरी आणि तिसरी पिढी कामाला निघाली आहे. हा मुलगा बारावी झालेला असतो, आयटीआयचे प्रमाणपत्र किंवा वाणिज्य शाखेची पदवीही त्याच्याजवळ असते. त्याला बारा तासांच्या पाळीत मागासमोर उभे राहावयाचे नाही, आणि त्याच्या मामाला तर मागाखेरीज दुसरे काही ठाऊक नाही. येथे नात्यागोत्याची ओळख संपते. मग तो हातातील मोबाईल उघडतो. व्हॉट्सॲपचे गट, फेसबुकची पाने, टेलिग्रामच्या वाहिन्या. कोठे गुजरातीत, कोठे हिंदीत जाहिराती वाहत असतात. भरतकामाच्या यंत्रावर कारागीर पाहिजे, बाजारात हिशेबनीस पाहिजे, पार्सल पोहोचविण्यास दुचाकीवाला पाहिजे. ‘मोबाईलने पोरे बिघडली’ असे म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांना आमचा नम्र प्रश्न आहे की, या पोरांनी दुसरे कोणते दार ठोठवावयाचे होते?

मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली एक निबंध लिहिला, तो या संदर्भात मोलाचा आहे. बॉस्टनजवळच्या एका गावात नोकरी बदललेल्या लोकांना त्याने विचारले, ज्याच्यामुळे नोकरी लागली तो माणूस तुम्हाला कितीदा भेटत असे? ओळखीने नोकरी मिळालेल्यांपैकी शंभरात सुमारे सतरा जणांनीच ‘वारंवार’ असे सांगितले; उरलेल्यांना जवळच्या सोयऱ्यापेक्षा दूरच्या, क्वचित भेटणाऱ्या परिचिताचाच उपयोग झाला होता. कारण उघड आहे. आपल्या माणसांना जे ठाऊक असते ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असते. नवी बातमी बाहेरून येते. २०२२ मध्ये लिंक्डइनच्या दोन कोटी सभासदांवर हीच कसोटी लावून पाहण्यात आली, तेव्हाही फार जवळच्या ओळखीपेक्षा काहीशा दूरच्या ओळखीच अधिक उपयोगी ठरल्या. लिंबायतच्या मुलाजवळ अशा दूरच्या ओळखी नाहीत. गावची ओळख आहे, जातीची आहे, गल्लीची आहे, सगळी जवळची. ही भिंत ओलांडून पलीकडचे दाखवणारे पहिले साधन म्हणून आम्ही समाजमाध्यमांचे स्वागतच करतो. घरी बसून साडीवर खडे-टिकल्या लावणाऱ्या, धागे कापणाऱ्या बायांनाही त्याचा लाभ आहे. पलीकडच्या वस्तीत नगामागे काय मिळते हे आता त्यांना कळू शकते. पूर्वी माल आणून टाकणारा सांगेल तोच भाव असे.

पण मध्यस्थ नाहीसा झाला, अशी जी समजूत रूढ होत आहे, ती आम्हाला मान्य नाही. तो आहेच, फक्त त्याचे तोंड दिसेनासे झाले आहे. नोंदणी शुल्क म्हणून पाचशे-सातशे रुपये मागून दुसऱ्या दिवशी बंद पडणारा क्रमांक हा आजचा मुकादम आहे. घरबसल्या पेन्सिली डब्यांत भरण्याच्या कामाची जाहिरात वर्षानुवर्षे फिरत आहे. तिच्या नादाने गणवेशाचे, ओळखपत्राचे, पार्सलाचे पैसे भरणाऱ्यांना एकही पेन्सिल मिळत नाही. चित्रफितींना पसंती देण्याचे ‘काम’ देऊन आधी दीडशे-दोनशे रुपये खात्यात टाकावयाचे आणि विश्वास बसला की हजारो रुपये भरावयास लावावयाचे, हा दुसरा प्रकार. तिसरा सर्वांत घातक, कारण त्यात फसलेला माणूसच आरोपी होतो: आपले बँक खाते महिनाभर वापरावयास द्या, घसघशीत दलाली घ्या. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला ती नोकरीच वाटते. त्या खात्यातून दुसऱ्या कोणाची लुटलेली रक्कम गेली, हे त्याला पोलीस दारात आल्यावर समजते.

याहून भयंकर घटना सुरतेने पाहिली आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये या शहरातील तेवीस वर्षांचा एक तरुण युक्रेनच्या आघाडीवर मारला गेला. साहाय्यकाचे काम आहे असे समजून तो रशियाला गेला होता. पोहोचला तो रणभूमीवर. पुढच्याच महिन्यात केंद्रीय अन्वेषण विभागाने दिल्ली, मुंबई, चेन्नई आदी शहरांत छापे घातले आणि यूट्यूबसारख्या माध्यमांतून व स्थानिक दलालांकरवी तरुणांना गाठणारी टोळीच उघड केली. अशा रीतीने पाठविलेल्या सुमारे पस्तीस जणांचा माग त्या वेळी लागला होता. मार्च २०२५ मध्ये भारतीय हवाई दलाच्या विमानांनी म्यानमार-थायलंड सीमेवरून ५४९ भारतीयांना परत आणले. संगणकावरच्या उत्तम पगाराच्या नोकरीसाठी निघालेली ही माणसे फसवणुकीच्या अड्ड्यांत कोंडली गेली होती, आणि तेथे त्यांना इतरांना फसविण्याच्या कामाला जुंपले जात होते.

हे दूरचे आहे असे आमच्या वाचकांनी समजू नये. गोमंतकातून आणि कोकणपट्टीतून किती मुले जहाजावर आणि आखातात जातात हे सांगण्याची आवश्यकता नाही. जहाजावरील भरती करणाऱ्यास नौवहन महासंचालनालयाचा परवाना लागतो. परदेशी नोकरी लावून देणाऱ्या दलालास १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याप्रमाणे नोंदणी करावी लागते, आणि उमेदवाराकडून तीस हजार रुपये व त्यावरील कर यापेक्षा अधिक सेवाशुल्क घेण्याची त्याला मुभा नाही. नोंदणीकृत दलालांची यादी परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. पण जाहिरात मोबाईलवर अर्ध्या मिनिटात येते आणि तेवढ्याच वेळात पुढे पाठविली जाते. ती यादी पाहण्याची सवय कोणी कोणाला लावलेली नाही.

देशांतर्गत नोकरीचे काय? १९५९ च्या सेवायोजन कार्यालये कायद्याने पंचवीस किंवा अधिक माणसे असलेल्या खाजगी आस्थापनांना रिकाम्या जागा कळविणे बंधनकारक केले होते. मात्र त्या कार्यालयामार्फतच माणूस घेतला पाहिजे असे बंधन नव्हते, आणि तीन महिन्यांहून कमी मुदतीची कामे त्यातून वगळलेली होती. म्हणजे लिंबायतीत ज्या प्रकारचे काम मिळते ते बहुतेक त्या कायद्याच्या कक्षेबाहेरच राहिले. मालकांनी जागा कळवावयाची नाही, बेकारांनी कार्ड काढून ठेवावयाचे, आणि बोलावणे यावयाचे नाही. ते कार्ड आपल्यापैकी अनेकांच्या पेटीत अजून असेल. २०१५ च्या जुलैमध्ये राष्ट्रीय करिअर सेवेचे संकेतस्थळ सुरू झाले. पुढे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने जुना कायदा मोडीत काढून सेवायोजन कार्यालयाच्या जागी ‘करिअर केंद्र’ आणले, आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. नाव बदलले हे ठीक; परंतु दार कोणासाठी आणि केव्हा उघडते, हे पाहावे लागेल.

आमच्या मते येथे मागणी एकच असावयास हवी. नोकरीची जाहिरात देणारा कोण आहे, हे जाहिरातीवर लिहिलेले असले पाहिजे. कारखान्याचे नाव, पत्ता, वेतन किंवा नगाचा भाव, पाळीचे तास आणि दलाल असल्यास त्याचा नोंदणी क्रमांक. एवढे नसेल तर पैसे घेऊन ती जाहिरात दाखविणाऱ्या कंपनीवरही दायित्व आले पाहिजे. ‘आम्ही केवळ माध्यम आहोत’ हा त्यांचा बचाव आम्हाला पटत नाही. आम्ही वर्तमानपत्रवालेही छोट्या जाहिराती छापतो, आणि त्यांखाली फसवणुकीची जबाबदारी आमची नाही अशी ओळ बारीक टाईपात घालतो. तेव्हा हे बोलताना आमचीही बाजू सर्वस्वी स्वच्छ नाही, हे आम्ही जाणतो. तरी वर्तमानपत्राच्या कचेरीत येऊन जाब विचारता येतो. जाहिरातदाराने पावती फाडलेली असते. पोलिसांना हवी तर ती मिळते.

दुसरी गोष्ट वस्तीतच करण्याजोगी आहे. लिंबायतीत गणेशोत्सवाची मंडळे आहेत, कानबाईच्या उत्सवासाठी वर्गणी जमविणारे कार्यकर्ते आहेत. ज्याला नोकरी लावून देता येत नाही त्या गाववाल्याला एवढे तर करता येते की, भाच्याच्या मोबाईलवर आलेल्या कारखान्याच्या पत्त्यावर सायकल घेऊन जाऊन पाहून यावे. पांडेसरा काही सातासमुद्रापलीकडे नाही. आणि पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे. पहिल्या काही तासांत कळविले तर रक्कम बँकेतच अडविता येण्याचा संभव असतो. लाजेने चार दिवस गप्प बसणाऱ्याचे पैसे तोवर दहा खात्यांतून फिरून निघून गेलेले असतात.

राहता राहिले करिअर केंद्र. नव्या संहितेप्रमाणे गुजरात सरकार अशी केंद्रे उघडील, तेव्हा त्यांपैकी एक लिंबायतीतच असावे. ते रात्रपाळी सुटण्याच्या वेळी सकाळी उघडावे, आणि खिडकीपलीकडच्या माणसाला गुजरातीबरोबर मराठीही येत असावी. तेथे एक माणूस केवळ एवढ्यासाठी नेमावा की कोणीही आपल्या मोबाईलवरची जाहिरात त्याच्यासमोर धरून विचारावे, ‘साहेब, हे खरे आहे का?’ लिंबायतच्या आमदार आणि नवसारीचे खासदार यांनी एवढे काम आधी हाती घ्यावे, अशी त्यांना आमची विनंती आहे.