विश्लेषण : स्लीप ॲप्नियाचे यंत्र घरी आले, पण रात्री मास्क निघतोच... पहिला महिना निर्णायक का ठरतो?

वजन घटवणाऱ्या इंजेक्शनांमुळे स्लीप ॲप्निया हा आजार पुन्हा चर्चेत आला आहे. लठ्ठपणा आणि मध्यम ते तीव्र स्लीप ॲप्निया असलेल्या प्रौढांसाठी टिर्झेपटाइड हे औषध वापरण्यास अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २० डिसेंबर २०२४ रोजी मंजुरी दिली. हेच औषध मार्च २०२५ मध्ये मधुमेह आणि वजन नियंत्रणासाठी भारतात दाखल झाले. त्यामुळे ‘आता ते हवेचे यंत्र लावायची गरज आहे का’, असा प्रश्न अनेक रुग्ण विचारत आहेत. यंत्र विकत घेऊन ते कपाटात ठेवून दिलेल्यांना तर हा प्रश्न अधिकच सोयीचा वाटतो. या उपचारातील खरी अडचण मात्र यंत्राची नसून ते अंगवळणी पडण्याची आहे.

झोपेत श्वास का थांबतो?

झोप लागली की घशातील स्नायू सैल पडतात. काहींच्या बाबतीत जीभ आणि मऊ टाळू मागे सरकून श्वासाचा मार्ग अरुंद होतो, कधी पूर्ण बंद होतो. छाती-पोट श्वास घेण्याची धडपड करत असतात, पण हवा आत जात नाही. रक्तातील ऑक्सिजन घसरतो, मेंदू क्षणभर जाग आणतो, मोठा घोरण्याचा आवाज होऊन श्वास सुरू होतो आणि माणूस पुन्हा झोपतो. सकाळी त्याला यातले काहीच आठवत नाही. याला ‘ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया’ म्हणतात. किमान १० सेकंद श्वास थांबणे किंवा लक्षणीय मंदावणे ही एक घटना धरली जाते. तासाला अशा किती घटना होतात, त्या आकड्याला एएचआय म्हणतात. हा आकडा ५ ते १५ असेल तर आजार सौम्य, १५ ते ३० असेल तर मध्यम आणि ३० च्या पुढे तीव्र मानला जातो.

दिल्लीतील एम्सच्या संशोधकांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार, काम करण्याच्या वयातील सुमारे १० कोटी ४० लाख भारतीयांना हा आजार आहे. त्यातील सुमारे ४ कोटी ७० लाख जणांमध्ये तो मध्यम ते तीव्र आहे. संगीतकार बप्पी लाहिरी यांचे फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबईत निधन झाले, तेव्हा डॉक्टरांनी याच आजाराचा उल्लेख केला होता आणि ‘घोरणे म्हणजे गाढ झोप’ या समजाला पहिल्यांदा मोठा धक्का बसला होता.

यंत्र नेमके काय करते?

सीपॅप या नावाने ओळखले जाणारे यंत्र ऑक्सिजन देत नाही. ते खोलीतलीच हवा गाळून, किंचित दाबाने, नळी आणि मास्कमधून घशापर्यंत पोहोचवते. हा दाब श्वासाचा मार्ग आतून उघडा धरून ठेवतो. ऑस्ट्रेलियातील सिडनी येथील डॉ. कॉलिन सुलिव्हन आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये पाच रुग्णांवरील प्रयोग प्रसिद्ध करून ही पद्धत जगासमोर आणली.

हा दाब किती असतो, हे घरच्या घरी समजून घेता येते. पाण्याच्या उंच ग्लासात स्ट्रॉ १० सेंटिमीटर खोल धरून फुंकर मारा. बुडबुडे येण्यासाठी जितका जोर लागतो, तितका म्हणजे ‘१० सेंटिमीटर पाणी’ एवढा दाब. यंत्रे साधारण ४ ते २० या कक्षेत चालतात. वातावरणाचा दाब याच मापात हजाराहून थोडा अधिक असतो, म्हणजे यंत्र त्यात जेमतेम एक-दोन टक्क्यांची भर घालते. फुप्फुसांना इजा होईल, ही भीती म्हणूनच बहुतेकांच्या बाबतीत अनाठायी आहे. ऑटो प्रकारची यंत्रे श्वासातील अडथळा ओळखून रात्रभर दाब कमी-जास्त करतात.

मग पहिल्या रात्री गुदमरल्यासारखे का वाटते?

आपल्याला श्वास घेण्यासाठी जोर लावायची आणि सोडताना काहीच न करायची सवय असते. यंत्र लावल्यावर हे उलटे होते. श्वास आपोआप आत येतो आणि सोडताना समोरून हवा येत असल्याचे जाणवते. त्यात चेहऱ्यावर मास्क. त्यामुळे ‘हवा कमी पडते आहे’ असे वाटते. प्रत्यक्षात हवा भरपूर येत असते. मास्कला बारीक छिद्रे असतात आणि त्यातून सोडलेला श्वास सतत बाहेर जातो. हा फुसफुस आवाज गळतीचा समजून काही जण ती छिद्रे बंद करू पाहतात. तसे कधीही करू नये.

यावर यंत्रातच दोन सोयी असतात. ‘रॅम्प’ सुरू केला की सुरुवातीला दाब कमी राहतो आणि झोप लागेपर्यंत हळूहळू वाढतो. दुसऱ्या सोयीत श्वास सोडताना दाब थोडा उतरतो. अनेक घरांत यंत्र आल्या दिवसापासून या सोयी बंदच असतात, कारण त्या कोणी दाखवलेल्याच नसतात.

भीती घालवण्यासाठी झोपतज्ज्ञ टप्प्याटप्प्याने सराव सुचवतात. आधी दिवसा, बसून टीव्ही पाहताना नुसता मास्क. मग यंत्र सुरू करून १५-२० मिनिटे. मग दुपारच्या डुलकीला, आणि त्यानंतर रात्री. रात्री मास्क निघाला तर ‘आजचा दिवस गेला’ म्हणून सोडून न देता जाग आल्यावर पुन्हा लावायचा. या सरावाला काही दिवस ते काही आठवडे लागतात.

मास्क बसत नसेल तर काय करावे?

यंत्र सोडून देण्यामागे बऱ्याचदा न बसणारा मास्क असतो. मुख्य प्रकार तीन. नाकपुड्यांत टेकणारा, नाक झाकणारा, आणि नाक-तोंड दोन्ही झाकणारा. तोंडाने श्वास घेणाऱ्यांना अनेकदा तिसरा प्रकार दिला जातो. पण नाक का चोंदते, याची तपासणी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून करून घेतली तर लहान मास्कवर भागू शकते.

गळती झाली की पट्टे आवळणे ही सर्वांत सामान्य चूक. मास्कची सिलिकॉनची कड हवेने फुगून चेहऱ्यावर बसते. पट्टे जास्त ओढले की ती चुरगळते आणि गळती वाढते. पट्टे बसून नव्हे, तर आडवे होऊन, यंत्र सुरू ठेवून जुळवावेत, कारण आडवे झाल्यावर चेहऱ्याचा आकार बदलतो. रात्री चेहऱ्याला तेल किंवा क्रीम लावल्यास मास्क सरकतो. दाढी असेल तर नाकपुड्यांचा प्रकार अधिक सोपा जातो. गालावर पट्ट्यांचे वळ उठणे फारसे गंभीर नाही. अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष जो बायडेन यांच्या चेहऱ्यावर २०२३ मध्ये असेच वळ दिसले आणि ते सीपॅप वापरत असल्याचे व्हाइट हाऊसने स्पष्ट केले. नाकाच्या हाडावर जखम होत असेल, तर मात्र मास्क बदलायलाच हवा.

काही मास्कच्या क्लिपमध्ये चुंबक असतात. रुग्णाला किंवा शेजारी झोपणाऱ्याला पेसमेकर वा शरीरात धातूचे उपकरण बसवलेले असेल, तर बिनचुंबकाचा मास्क मागून घ्यावा.

घसा कोरडा पडत असेल तर आर्द्रता वाढवावी. त्या भांड्यात डिस्टिल्ड वॉटरच वापरावे, नळाच्या पाण्याने क्षार साचतात. एसीच्या खोलीत उलट त्रास होतो. थंड नळीत वाफेचे पाणी साचून गुडगुड आवाज येतो. अशा वेळी आर्द्रता कमी करावी आणि यंत्र पलंगाच्या उंचीपेक्षा खाली ठेवावे. हवा गिळली जाऊन सकाळी पोट फुगत असेल, ढेकर येत असतील, तर दाबाची फेरतपासणी डॉक्टरांकडून करून घ्यावी.

सकाळी ॲपवर दिसणारे आकडे कसे वाचावेत?

आजची बहुतेक यंत्रे रोजची नोंद ठेवतात आणि ती मोबाइलवर किंवा यंत्राच्या पडद्यावर दिसते. त्यातले तीन आकडे महत्त्वाचे. पहिला, वापराचे तास. दुसरा, मास्कची गळती. तिसरा, यंत्र लावलेले असताना उरलेला एएचआय; तो ५ च्या खाली असणे अपेक्षित असते.

हे आकडे एकत्र वाचावे लागतात. एएचआय २ आहे, पण वापर तीनच तास आहे, तर उरलेल्या रात्रीत काय झाले हे यंत्राला ठाऊक नसते. गळती जास्त असेल तर एएचआयचा आकडाही तितका भरवशाचा राहत नाही. एका रात्रीच्या आकड्याने घाबरू नये, आठवड्याचा कल पाहावा. घशात अडथळा नसतानाही श्वास थांबत असल्याची नोंद सातत्याने दिसत असेल, तर ती डॉक्टरांना दाखवावी. अशा वेळी नुसता दाब वाढवून उपयोग होत नाही.

रोज चार तास पुरेसे आहेत का?

अमेरिकेच्या ‘मेडिकेअर’ या सरकारी विम्यात यंत्राचा खर्च पुढे सुरू राहण्यासाठी एक अट आहे. पहिल्या तीन महिन्यांत सलग ३० दिवसांच्या एखाद्या टप्प्यात, किमान ७० टक्के रात्री चार तास किंवा जास्त वापर. ‘चार तास’ हा आकडा जगभर रूढ झाला आहे. पण तो विम्याचा किमान निकष आहे, उपचाराचे उद्दिष्ट नव्हे. श्वास थांबण्याचे प्रमाण अनेकांत स्वप्नांच्या झोपेत वाढते आणि ही झोप पहाटेकडे अधिक असते. रात्री ११ ला लावलेला मास्क ३ वाजता काढला, तर नेमका तोच भाग उपचाराविना जातो. ‘स्लीप’ या नियतकालिकातील २००७ च्या अभ्यासातही दिवसाची झोपाळू अवस्था आणि कामाची क्षमता तासांगणिक सुधारत गेल्याचे दिसले होते.

२०१६ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेली ‘सेव्ह’ चाचणी येथे आठवते. भारतासह सात देशांतील २,७१७ हृदयविकार किंवा पक्षाघाताच्या रुग्णांवर ती झाली. सीपॅप गटात हृदयविकाराच्या घटना कमी झाल्या नाहीत. मात्र घोरणे आणि दिवसाची झोप कमी झाली, जीवनमान सुधारले. या गटाचा सरासरी वापर होता फक्त ३.३ तास. म्हणून ‘यंत्र लावले की हृदय सुरक्षित’ असा दावा करता येत नाही, तसेच ‘यंत्राचा उपयोग नाही’ असेही या चाचणीवरून म्हणता येत नाही.

भारतात घोडे कुठे अडते?

आपल्याकडे यंत्र अनेकदा विक्रेत्यामार्फत घरी येते, जोडणी होते आणि पाठपुरावा तिथेच थांबतो. पहिल्या महिन्यात कोणाला फोन करायचा, हेच रुग्णाला माहीत नसते. घरी वापरायच्या यंत्राचा खर्च बहुतेक आरोग्य विमा पॉलिसींमध्ये मिळत नाही. त्यामुळे खरेदीपूर्वी काही आठवडे यंत्र भाड्याने घेणे, दोन-तीन मास्क घालून पाहणे आणि महिन्याभरात नोंदी घेऊन डॉक्टरांना भेटण्याची तारीख आधीच ठरवणे शहाणपणाचे. जुने यंत्र घ्यायचे असेल, तर आधीच्या माणसाचा दाब आपल्याला लागू पडत नाही, हे लक्षात ठेवावे.

वीज गेली तर काय, हा दुसरा प्रश्न. यंत्र बंद पडल्याने माणूस गुदमरत नाही. नाकाचा मास्क असेल तर तोंड उघडते, पूर्ण मास्कमध्ये बाहेरची हवा आत घेणारी झडप असते. मात्र उपचार थांबतो. इन्व्हर्टरवर चालवताना आर्द्रतेचा हीटर बंद ठेवला तर बॅटरी बरीच अधिक पुरते. रेल्वेने २०२१ मध्ये रात्री ११ ते पहाटे ५ या वेळेत डब्यांतील चार्जिंग पॉइंट बंद ठेवण्याचे पाऊल उचलले होते. त्यामुळे रातराणीच्या प्रवासात डब्यातील प्लगवर विसंबून राहू नये.

यंत्र सुरक्षित आहे का?

फिलिप्स कंपनीने १४ जून २०२१ रोजी लाखो यंत्रे परत मागवली. आवाज कमी करण्यासाठी वापरलेला फोम झिजून त्याचे कण आणि वायू श्वासात जाण्याची शक्यता होती. एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेतील न्यायालयीन तडजोडीनुसार अटी पूर्ण होईपर्यंत तेथे नवीन यंत्रे विकण्यावर निर्बंध आले. जुने किंवा वापरलेले यंत्र असेल, तर मॉडेल आणि अनुक्रमांक या यादीत आहे का, ते तपासावे. पण डॉक्टरांना न विचारता उपचार बंद करू नयेत. सफाईसाठी सौम्य साबण आणि कोमट पाणी पुरते. ओझोनच्या सफाई यंत्रांना तोवर परवानगी दिलेली नव्हती, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये दिला होता.

इंजेक्शनने यंत्र सुटेल का?

ज्या चाचण्यांवरून टिर्झेपटाइडला मंजुरी मिळाली, त्यांत लठ्ठपणा असलेले ४६९ रुग्ण होते. ५२ आठवड्यांत औषध घेणाऱ्यांचा एएचआय सरासरी २५ ते २९ ने घटला. हा परिणाम मोठा आहे. पण तो वर्षभरात दिसला, आणि औषध घेऊनही अनेकांचा आजार पूर्ण गेला नाही. शिवाय स्लीप ॲप्निया सडपातळ माणसांनाही होतो. जबड्याची ठेवण, मोठे टॉन्सिल ही कारणे वजनाने बदलत नाहीत. वजन कमी झाल्यावर दाब कमी करता येतो, काहींचे यंत्र सुटतेही. मात्र तो निर्णय पुन्हा झोपेची तपासणी करूनच घ्यायचा असतो.

इंजेक्शनचा परिणाम दिसायला काही महिने लागतात, तर नीट बसलेला मास्क त्याच रात्री श्वासाचा मार्ग उघडा ठेवतो. रात्रपाळी करणारे, लांबचे ड्रायव्हिंग करणारे आणि औषधे घेऊनही रक्तदाब आटोक्यात न येणारे रुग्ण यांच्यासाठी हा फरक छोटा नाही. कपाटातले यंत्र निरुपयोगी ठरवण्यापूर्वी मास्कचा आकार, रॅम्प आणि गळती या तीन गोष्टी तज्ज्ञाकडून एकदा तपासून घ्याव्यात. अनेकांची अडचण तिथेच सुटते.