शाळेचे अंगण कोणी आखायचे?

शाळेला मैदान असावे, आवाराला भिंत वा कुंपण असावे, असे २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने सांगितले. त्या मोकळ्या जागेत मुलांनी काय शिकावे, याविषयी कायद्याची अनुसूची मौन बाळगते. त्यामुळे आवार म्हणजे परिपाठ आणि कवायत, एवढाच अर्थ उरतो. निधी आलाच तर पेव्हर ब्लॉक बसतात आणि भिंती ‘बोलक्या’ होतात.

मूळ कल्पना याहून मोठी होती. वास्तुविशारद कबीर वाजपेयी यांच्या ‘विन्यास’ने युनिसेफच्या साह्याने इमारतीलाच शैक्षणिक साधन मानणारी ‘बाला’ पद्धती मांडली. उघडत्या दाराखाली कोन आखलेला असला की भूमिती हाताशी येते. पुढे अनेक ठिकाणी हे रंगाऱ्याचे काम होऊन बसले.

दिंडोरी तालुक्यातील वणीत पाठीशी सप्तशृंग गडाची डोंगररांग आहे, भोवती द्राक्षबागा आहेत. वणीच्या अक्षांशावर सूर्य वर्षातून दोनदा थेट माथ्यावर येतो. पण पहिला दिवस मेच्या सुटीत जातो, दुसरा जुलैच्या ढगांत. तेव्हा तेथे उपयोग आहे तो वर्षभर माध्यान्हीची सावली मोजता येईल अशा खांबाचा. तो कोठे रोवावा, हे नाशिकच्या कचेरीतून कळणार नाही. कोणत्या झाडाची सावली केव्हा कोठे पोहोचते, पावसात पाणी कोठे साचते, क्रिकेट सुरू झाले की मुलींना कोणता कोपरा उरतो, हे मुलांना ठाऊक असते.

महाराष्ट्राला हा विचार परका नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५मध्ये बोर्डीत काम सुरू केले. गुरे राखणारी आदिवासी मुले शाळेत येऊ शकत नव्हती, म्हणून त्यांनी शाळाच कुरणात नेली. शिकण्याची जागा मुलांच्या दिनक्रमावरून ठरली.

शिक्षकांची अडचणही खरी आहे. दोनशिक्षकी शाळेत एक वर्ग बाहेर नेला की दुसरा वाऱ्यावर सुटतो. शिवाय शाळाबाह्य कामांचे ओझे असतेच. म्हणूनच आखणीत त्यांचा शब्द हवा. बसण्याचा पार व्हरांड्यालगत असला तर एकाच शिक्षकाची दोन्ही वर्गांवर नजर राहते. पार दूर, शोभेसाठी बांधला तर त्यावर पाठ होणार नाही.

शाळा विकास आराखडा तयार करण्याचे काम कायद्याच्या कलम २२ने व्यवस्थापन समितीकडे दिले आहे, आणि समितीत तीन चतुर्थांश पालक असतात. मुलांनी पावलांनी मोजून काढलेला आवाराचा नकाशा या आराखड्याला जोडता येतो. मात्र तो अंदाजपत्रकाआधी समितीपुढे यायला हवा. निविदा निघाल्यावर खांब हलत नाही.