विश्लेषण : हेस्टिंग्जला पडलेल्या राजाचा आजोबा नक्की कोण?

हेस्टिंग्जच्या लढाईत १४ ऑक्टोबर १०६६ रोजी मारला गेलेला हॅरल्ड हा इंग्लंडचा शेवटचा अभिषिक्त अँग्लो-सॅक्सन राजा. त्याचे वडील गॉडविन हे वेसेक्सचे अर्ल. तीन दशके राजे बदलले, गॉडविन टिकला. मुलगी एडिथ १०४५ मध्ये राजा एडवर्डची राणी झाली. पण या घराण्याचे मूळ कुठले, हे विचारले की इतिहासकार चाचपडू लागतात.

ठोस पुरावा किती?

फार थोडा. १००९ मध्ये ससेक्सचा वुल्फनॉथ नावाचा सरदार, राजा एथेलरेडकडे त्याच्याविरुद्ध कागाळी झाल्यावर, २० जहाजे घेऊन फितूर झाला. पाठलागावर निघालेली ८० जहाजे वादळात किनाऱ्यावर आपटली आणि वुल्फनॉथने ती जाळून टाकली. बहुतेक अभ्यासक यालाच गॉडविनचा बाप मानतात. पुढे १०१४ मध्ये राजपुत्र एथेलस्टनने मृत्युपत्रात ‘वुल्फनॉथचा मुलगा गॉडविन’ याला बापाची कॉम्प्टनची जमीन परत दिली. पुरावा काय तो इतकाच.

गुराख्याचा पोर की राजवंशी?

नंतरच्या कथांनी ही रिकामी जागा भरून काढली. शिकारीत वाट चुकलेल्या राजाला आसरा देणारा गुराख्याचा मुलगा, ही त्यातली सर्वात लाडकी. ऐकायला झकास, पण विश्वास ठेवण्याजोगी नाही. गुराख्याच्या दिमतीला २० जहाजे येतील कुठून? उलट विसाव्या शतकातल्या काही संशोधकांनी नावे आणि जमिनी जुळवून त्याला थेट आल्फ्रेड राजाच्या थोरल्या भावाच्या वंशात बसवले. आल्फ्रेडच्या मृत्युपत्रातही पुतण्याला कॉम्प्टन दिल्याची नोंद आहे. मात्र कॉम्प्टन नावाची गावे इंग्लंडमध्ये ढिगाने आहेत. नुसते नाव जुळले म्हणून दोन नोंदी एकत्र करणे डेटाबेसमध्येही चालत नाही, इथे तर मधली शंभरेक वर्षे आहेत.

मग उदय झाला कसा?

डॅनिश राजा कनूटमुळे. त्याने इंग्लंड जिंकल्यावर जुने सरदार कापून काढले आणि गॉडविनला वर आणले. कनूटच्या मेहुण्याची बहीण गीथा ही गॉडविनची बायको. नव्या राजवटीत जुन्या कुळापेक्षा निष्ठेला भाव होता.

राजवंशाच्या दाव्याविरुद्ध सर्वात वजनदार गोष्ट म्हणजे घराण्याचे स्वतःचे मौन. राणी एडिथने लिहवून घेतलेल्या एडवर्डच्या चरित्रात बापाची भरपूर स्तुती आहे, पण आजोबाचे नाव नाही. १०६६ मध्ये हॅरल्डला राजरक्ताची गरज सर्वाधिक होती. तेव्हाही आधार दिला गेला तो एडवर्डने मृत्युशय्येवर राज्य सोपवल्याचा आणि सरदारांनी निवड केल्याचा. हातात असा हुकमाचा एक्का असता, तर तो कोण लपवून ठेवेल?

ऋषीचे कूळ शोधू नये म्हणतात, पण खालची पिढी मात्र सापडते. हॅरल्डची मुलगी गीथा किव्हच्या राजघराण्यात व्लादिमिर मोनोमाखला दिली गेली. तिच्या वंशातून, हंगेरी आणि फ्रान्समार्गे, इंग्लंडचा राजा तिसरा एडवर्ड जन्मला.