भायखळ्याचा कैदी आणि परळचा गिनीपिग

१/८
१८९६च्या सप्टेंबरात मांडवी भागात प्लेग उघडकीस आला. ऑक्टोबरात वाल्देमार हाफकिन मुंबईत दाखल झाले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांनी लस सिद्ध केली, सशांवर तिची परीक्षा घेतली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती स्वतःला टोचून घेतली. इथवरची कथा बहुतेकांना ठाऊक असते.

२/८
जानेवारीअखेर भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. सुमारे निम्मे कैदी लस घेण्यास तयार झाले. टोचणीच्याच दिवशी आजारी निघालेले वगळता, लस न घेतलेल्यांत १२ जणांना प्लेग झाला व ६ दगावले. घेतलेल्यांत २ आजारी पडले, मृत्यू एकही नाही.

३/८
प्रयोग यशस्वी ठरला, कैद्यांचा होकारही होता. तरीही आज अशी चाचणी सहजासहजी मान्य होणार नाही. गजाआडचा होकार कितपत मोकळा असतो, हे भान जगाला विसाव्या शतकात मोठी किंमत मोजून आले. १९४७ची न्यूरेंबर्ग संहिता सुरू होते ती संमतीपासूनच. ‘उपयोग झाला’ एवढे समर्थन माणसाच्या बाबतीत अपुरे ठरले.

४/८
दुसरा बंदिवान परळचा. १९०५पासून प्लेग संशोधन आयोगाचे काम तेथील प्रयोगशाळेत चालले. प्लेग झालेल्या घरांत गिनीपिग मोकळे सोडले जात. उंदरांच्या पिसवा त्यांच्या अंगावर चढत आणि ते प्लेगने मरत. पिसवा पोहोचणार नाहीत अशा पिंजऱ्यांतले प्राणी मात्र वाचत.

५/८
पिसवेमार्फत प्लेग पसरतो, असे सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत मांडले होते. ते पक्के झाले या प्रयोगांनी. त्याआधी सरकार घरे रिकामी करी, सामान जाळी. पुण्यात रँडचा खून याच जुलमाच्या संतापातून झाला. तेव्हा गिनीपिगांच्या मरणातून मिळालेले ज्ञान क्षुल्लक नव्हते, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

६/८
पुढे संशोधन उपनगरांतही पोहोचले. १९६३ मध्ये गोरेगावला सिबाचे आणि सत्तरच्या दशकात मुलुंडला हेक्स्टचे केंद्र उभे राहिले. मुलुंडमध्ये एका वनस्पतीच्या मुळांतून फोर्स्कोलिन वेगळे करण्यात आले. त्याचा रक्तदाब उतरवणारा गुण प्राण्यांवरच पाहिला गेला. साथ नव्हती, तिची घाईही नव्हती. प्राण्याचा वापर हा आता नित्यक्रम होता.

७/८
रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या प्रयत्नांतून १९६०चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आला. नव्या ज्ञानासाठीचे प्रयोग तो बेकायदा ठरवत नाही. शक्य तेथे ते टाळावेत आणि लहान प्राण्यावर भागत असेल तर मोठा घेऊ नये, असे सांगतो. त्या लहान प्राण्यांत पहिले नाव गिनीपिगचेच!

८/८
कैद्याचा होकारही अपुरा मानला, तर ज्याला होकार विचारताच येत नाही त्याच्याबाबत आपली जबाबदारी वाढते. २०२३च्या नियमदुरुस्तीने औषधचाचणीत पेशी व संगणक यांवर आधारित पद्धतींना वाट दिली. ‘प्राण्यावाचून इलाज नाही’ हे यापुढे गृहीत धरू नये. प्रत्येक प्रयोगाने ते सिद्ध करावे. भायखळ्याचे १२ आणि ६ नोंदले गेले. तसेच कोणत्या प्रयोगशाळेत, कशासाठी, किती प्राणी गेले आणि हाती काय लागले, हेही दरवर्षी जाहीर व्हावे.