पाऊस मोजणारं यंत्र साफ कोण करतं?

३० मे २०२४. नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रानं तापमान दाखवलं ५६ अंश सेल्सिअस. आदल्याच दिवशी दिल्लीतल्या मुंगेशपूर केंद्रानं ५२.९ अंश नोंदवले होते. दोन्ही आकडे मोबाइलवर देशभर फिरले. मग हवामान विभागानं तपासणी केली. मुंगेशपूरचा सेन्सर प्रमाण उपकरणापेक्षा ३ अंश जास्त दाखवत होता. नागपूरचा आकडाही सेन्सरच्या बिघाडामुळे आल्याचं स्पष्ट झालं.

५६ अंश चुकीचे आहेत, हे शेंबडं पोरही सांगेल. पण त्या यंत्रानं ४२ च्या जागी ४४ दाखवले असते तर? कुणालाच शंका आली नसती. खरी अडचण तिथेच आहे.

आता हवामान केंद्रं फक्त सरकारी आवारात राहिलेली नाहीत. द्राक्षबागेत, सोसायटीच्या गच्चीवर, शाळेच्या छपरावर ती दिसू लागली आहेत. माझ्या घराच्या गच्चीवरही एक आहे. गेल्या पावसाळ्यात रात्रभर धो-धो कोसळला, गच्चीतली बादली भरून वाहिली आणि मोबाइलवर पाऊस होता ३ मिलिमीटर. नरसाळं उघडलं तर आत कुंभारमाशीनं मातीचं घर बांधलेलं. यंत्र बिघडलं नव्हतं. मी ते आठ महिने उघडून पाहिलं नव्हतं.

नेमकं बिघडतं काय?

पर्जन्यमापकात नरसाळ्याखाली सी-सॉसारखी दोन चिमुकली भांडी असतात. एक भरलं की पलटी होतं आणि दुसरं नरसाळ्याखाली येतं. प्रत्येक पलटी म्हणजे बहुतेक यंत्रांत ०.२ मिलिमीटरच्या आसपास पाऊस. यंत्र फक्त पलट्या मोजतं. पालापाचोळा, पक्ष्यांची विष्ठा, कोळ्याचं जाळं यांपैकी काहीही मध्ये आलं की हिशेब चुकतो. नरसाळं अर्धवट तुंबलं तर चूक आणखी फसवी असते. तासाभरात कोसळलेला पाऊस चार तासांची रिमझिम म्हणून नोंदला जातो. दिवसाची बेरीज जवळपास बरोबर दिसते, पण ढगफुटीसारखा तो तास नोंदीतून गायब होतो.

तापमानाचा सेन्सर पांढऱ्या थाळ्यांच्या उतरंडीत बसवलेला असतो. थाळ्यांवर धूळ साचली, पांढरा रंग पिवळा पडला की त्या ऊन परतवण्याऐवजी शोषू लागतात. सिमेंटची गच्ची, पाण्याची टाकी किंवा एसीचं बाहेरचं युनिट शेजारी असेल तर यंत्र हवेचं नव्हे, त्या वस्तूंचं तापमान सांगतं. वाऱ्याच्या वाट्या धूळ आणि गंजामुळे जड होतात. संक्रांतीनंतर त्यांच्या दांड्याला मांजा गुंडाळलेला असतो तो वेगळाच. आर्द्रतेचा सेन्सर तर वापरानं हळूहळू म्हातारा होतो.

घरच्या घरी तपासायचं कसं?

पाऊस: नरसाळ्याचा व्यास मोजा. तो १६ सेंटीमीटर असेल तर क्षेत्रफळ साधारण २०० चौरस सेंटीमीटर. म्हणजे १० मिलिमीटर पावसासाठी २०० मिलिलिटर पाणी. ते सलाइनच्या नळीनं थेंब थेंब, तासभर सोडा. यंत्रानं १० च्या आसपास दाखवायला हवं. घाईनं ओतलं तर पलटी होताना पाणी सांडतं आणि आकडा कमी येतो. मात्र त्याआधी यंत्र पाणसळीवर सपाट बसवलंय का, ते बघा.

आर्द्रता: बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन त्यावर थोडं पाणी टाका. मीठ विरघळता कामा नये, ओल्या वाळूसारखं दिसायला हवं. ते झाकण आणि सेन्सर हवाबंद डब्यात रात्रभर ठेवा. आतली आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर स्थिरावते. सेन्सर ६५ किंवा ८५ दाखवत असेल तर तो बदलायची वेळ झाली.

तापमान: थाळ्या साबणाच्या पाण्यानं धुवा, पण सेन्सर आधी बाजूला काढा. पहाटेचा आकडा जवळच्या हवामान विभागाच्या केंद्राशी ताडून पाहा. दुपारी उन्हाचा आणि जागेचा फरक मध्ये येतो.

आणखी एक. हवामान विभागाचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते साडेआठ असतो. घरचं यंत्र बहुधा मध्यरात्री शून्यावर येतं. तुलनेआधी हे जुळवा, नाहीतर चांगल्या यंत्रावर उगाच आळ येईल. आणि विजा चमकत असताना गच्चीवर जाऊ नका. दुरुस्ती उद्याही होईल.

हा फक्त छंद आहे का?

घरगुती यंत्रं म्हणजे खेळणी, असं म्हणणारे आहेत. पण २६ जुलै २००५ आठवा. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तर त्याच शहरात कुलाब्याला १०० मिलिमीटरसुद्धा नाही. एका केंद्राचा आकडा अख्ख्या शहराचा नसतो. म्हणून जास्त यंत्रं हवीतच, पण ती राखलेली हवीत. तुंबलेली दहा यंत्रं एका चालू यंत्राची जागा घेऊ शकत नाहीत.

शेतकऱ्यासाठी तर हा थेट पैशाचा प्रश्न आहे. बागेतला आर्द्रतेचा आकडा बघून डाऊनीची फवारणी ठरते. सेन्सर कमी दाखवतो तेव्हा रोग गाठतो, जास्त दाखवतो तेव्हा औषधाचा खर्च वाया जातो. गावपातळीवर डाव आणखी मोठा असतो. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला तर अतिवृष्टी धरली जाते. प्रत्यक्षात ६८ मिलिमीटर पडला आणि यंत्र ५ टक्के कमी मोजत असेल, तर नोंद होते ६४.६. म्हणजे कागदावर अतिवृष्टी झालीच नाही. हवामान आधारित फळपीक विम्यात तर भरपाई संदर्भ केंद्राच्या नोंदींवरच ठरते. तिथं नरसाळ्यातलं जाळं कुणाच्या तरी खात्यातले पैसे अडवू शकतं.

केंद्र उभारताना नारळ फुटतो, फोटो निघतात. साफसफाईचा फोटो कुणी काढत नाही आणि निविदांच्या बातम्यांत देखभालीला जागा नसते. माझी मागणी साधी आहे. मंडळातल्या प्रत्येक केंद्राच्या आकड्यासोबत शेवटची साफसफाई आणि शेवटची तपासणी कधी झाली, त्या दोन तारखा जाहीर करा. सिलिंडरवर तपासणीची मुदत लिहिता येते, तर हवामान केंद्रावरही लिहिता येईल. गावकऱ्याला त्या तारखा दिसल्या, तर तो आकड्यावर विश्वास ठेवायचा की दाद मागायची हे ठरवू शकेल.

सरकारकडून हे मागायचं तर सुरुवात स्वतःच्या गच्चीपासून करायला हवी. माझ्या यंत्राच्या खांबावर आता एक चिठ्ठी आहे. मेअखेरीस एकदा, पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी आणि संक्रांतीनंतर एकदा तिच्यावर तारीख पडते. कुंभारमाशी पुन्हा येईलच. या वेळी ती पंधरा दिवसांत सापडेल.