१०८ की ७२?

गोंधळाचा चौक भरणाऱ्याला किंवा दारात ठिपक्यांची रांगोळी काढणारीला तुळजापुरात कुणी संगणक शिकवलेला नसतो. तरी किती ठिपके, सुरुवात कुठून, वळायचं कुठे आणि तेच किती वेळा करायचं, हे तिथे पक्कं असतं. प्रोग्राम म्हणजे तरी दुसरं काय? हे नुसतं कौतुकाचं बोलणं नव्हे. १९७४ साली मद्रासमध्ये गिफ्ट सिरोमनी, राणी सिरोमनी आणि कमला कृतिवासन यांनी कोलम या तिकडच्या ठिपक्यांच्या रांगोळीच्या नक्षीचे नियम संगणकशास्त्राच्या चौकटीत मांडले. आपल्याकडे मात्र शाळेतला संगणक सुरू होतो तो सीपीयू, मॉनिटर अशी नावं घोकण्यापासून आणि संपतो पेंटमध्ये माउसने रेघोट्या ओढण्यावर. पहिला धडा प्रोग्राम लिहून खिडकीत आकृती काढण्याचाच असावा.

साधन फुकट आहे. सीमोर पॅपर्ट आणि सहकाऱ्यांच्या १९६७ सालच्या लोगो भाषेची परंपरा सांगणारं ‘टर्टल’ सहसा पायथन या प्रोग्रामिंग भाषेबरोबरच येतं आणि एकदा बसवलं की इंटरनेट लागत नाही. खिडकीतलं कासव सांगाल तितकं चालतं, सांगाल तितकं वळतं, मागे रेघ उरते. आता पंचकोन काढायला सांगा. पुस्तकात सुसम पंचकोनाचा कोन १०८ अंश, म्हणून बरीच मुलं १०८ लिहितील आणि पाच बाजू झाल्या तरी आकृती मिटणार नाही. कासवाला आतला कोन ठाऊकच नसतो, त्याला फक्त वळण कळतं. पाच वळणांत एक फेरी, म्हणजे ३६० अंश, तर प्रत्येक वळण ७२. तिथे १४४ घातले तर पाच टोकांची चांदणी उमटते, कारण तेवढ्याच पाच वळणांत दोन फेऱ्या होतात. बाह्यकोनाची व्याख्या पाठ करूनही जे डोक्यात शिरत नाही, ते इथे चुकूनच कळतं.

इंग्रजीचा बाऊ फार होतो. पायथनमध्ये ‘फॉरवर्ड’ या आज्ञेला ‘पुढे’ असं देवनागरी नाव एका ओळीत देता येतं. एआय सगळं लिहून देतं, मग हा खटाटोप कशाला, असंही विचारलं जाईल. पण त्याने दिलेली आकृती मिटली नाही, तर बिघाड कुठे ते शोधणार कोण? शिक्षकांची हरकत मात्र खरी आहे. आधीच कामांनी वाकलेल्या गुरुजींवर आणखी एक विषय लादून भागणार नाही. त्यासाठी गावातल्याच तुळजाभवानी अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी शनिवारी तासभर जवळच्या शाळेत जावं, आणि महाविद्यालयाने तो तास त्यांच्या प्रकल्पात धरावा.